यादीतलं चौथं नाव

कादंबरीत किंवा मालिकेत टी.बी. झालेली, गोळ्या घेतलेली आणि बरी होऊन पुढच्या प्रकरणात कुणाशी तरी कडाकडा भांडलेली एक बाई तुम्हाला आठवते का? घाई करू नका. मरता मरता नायकाला शहाणं करून गेलेली चालणार नाही. पांढऱ्या रुमालावर लाल ठिपका बघून खिडकीबाहेर पाहत बसलेलीही नको. बरी झालेली सांगा.

मला एकही आठवली नाही. आणि मी या कामात मुरलेली आहे. गेली पाच वर्षं चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एक गुलाबी पत्रक फुकट वाटलं जातं, नांदेडलाही आणि लातूरलाही. वर ठळक अक्षरात ‘वाचा, पहा, भांडा’, खाली दहा नावं. सहा कादंबऱ्या, चार मालिका, प्रत्येकीसमोर दोन ओळी. ती यादी मी करते. दरवर्षी काही नावं जातात, काही येतात. चौथं नाव कधीच हललं नाही. ती कादंबरी. तिच्यासमोर मी लिहिलं होतं: ‘प्रत्येकानं वाचावी, आणि घरातल्या बाईला आधी द्यावी.’

त्या ओळीनं माझ्याच घरात काय केलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. त्या कादंबरीचं नाव इथं परत छापणार नाही. पाच वर्षं पुरेशी जाहिरात केली आहे.

आतलं पायजे

लातूरला मी मराठीत एम.ए. करत होते. एका खोलीत तिघी. खोकला लागला तेव्हा मी ठरवून टाकलं की ही पुस्तकांच्या गठ्ठ्यांची धूळ. आधी सुंठ-गूळ, मग मेडिकलवाल्यानं दिलेलं लाल औषध. खोलीतल्या मुली वैतागू नयेत म्हणून मी न्हाणीत जाऊन नळ पूर्ण सोडायचे आणि मग खोकायचे. पाण्याच्या आवाजात खोकला लपतो. दीड महिना मी असं पाणी वाया घालवलं. वजन उतरत गेलं, त्याचं मैत्रिणींनी कौतुक केलं.

सरकारी दवाखान्यात प्लास्टिकची छोटी डबी दिली. सकाळी उठल्या उठल्या खोकून आणायचं. मी आणलं. तपासनीसानं डबी उजेडात धरली आणि परत दिली.

“ही थुंकी हाय. आतलं पायजे.”

“आतलं म्हणजे?”

“ताई, बरगड्या दुखल्या पायजेत. जावा, त्या झाडाखाली बसा आन् मनापासून खोका.”

मी झाडाखाली बसून मनापासून खोकले. जे आलं ते हिरवट, दोरीसारखं, हनुवटीला लोंबणारं होतं. माझ्याच अंगातून आलं होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर मी ज्या पुस्तकांची शिफारस केली, त्यातल्या एकाही लेखकानं ही डबी पाहिलेली नाही, हे मला तिथं कळलं. त्यांच्याकडे रुमाल असतो. रुमाल धुतलेला असतो. त्यावर एक थेंब असतो, कुंकवासारखा.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, “टी.बी. आहे. सहा महिने रोज गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. बरी होशील. ताट, कप, कपड्यांनी पसरत नाही, हवेतून पसरतो, म्हणून सध्या मास्क आणि घराच्या खिडक्या उघड्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. पुढचा पेशंट.”

एवढंच. आज वाटतं, यापेक्षा दयाळू बोलणं मी त्या वर्षात ऐकलं नाही. त्या दिवशी मात्र ‘बरी होशील’ हे शब्द माझ्या कानावरून गेले. मला रडूही आलं नाही. मला शेवट पाठ होता. चौथ्या कादंबरीतल्या काकूचा शेवट मी चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा रडले होते. आता पाचव्यांदा काय रडायचं.

नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसले. आईचा फोन आला.

“कुठवर आलीस?”

“लोहा सोडलं.”

“शेजारी कोण बसलंय?”

“कुणी न्हाई.”

“मग ऐक. कुणी इचारलं तर कावीळ झाली म्हण.”

“कावीळ कशाला?”

“काविळीला कुणी नावं ठेवत न्हाई, बाई.”

माझी आई. जिनं मोर्चात माझं बोट धरून मला घोषणा शिकवल्या, ती. मी फोन ठेवला आणि मास्कच्या आत तोंड वाकडं केलं. तोंड वाकडं करायला मास्क फार सोयीचा असतो.

रजिया आपाचं परीक्षण

नांदेडला पोचल्यावर फुफ्फुसात पाणी झालेलं निघालं, म्हणून तिथल्या दवाखान्यात अकरा दिवस पडून होते. शेजारच्या खाटेवर देगलूरच्या रजिया आपा. साठीच्या, किडकिडीत, दुसऱ्यांदा हाच आजार. पहिल्या वेळी बरं वाटलं म्हणून त्यांनी तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. “सुनेला वाटलं मी नाटक करून राहिले. मला बी वाटलं, आसंल,” असं त्या सांगायच्या.

सकाळी सात वाजता झाडलोट, आठला गोळ्या, मग लघवी. ती पहिल्यांदा केशरी झाली तेव्हा मी घाबरून आपांनाच सांगितलं.

“होती ती. गोळीचा रंग हाय. बिर्याणीत टाकायच्या लायकीचा.”

ही एक गोष्ट कुठल्याही लेखकानं लिहून ठेवली असती तर माझी एक दुपार वाचली असती.

मोबाइलवर आम्ही दोघींनी माझ्या यादीतली मालिका पाहायला घेतली. आठवं नाव. लहानपणी ती मी जीव टाकून पाहिली होती. नायिका वकील, गरिबांचे खटले लढवणारी, तिच्याकडे बघून मी बोलायला शिकले. तिच्या सासूला हाच आजार होतो. पलंगावर गुलाबी चादर, उशीला झालर, सासूच्या ओठांना लाली. ती दोनदा खोकते. दुसऱ्या वेळी पार्श्वभूमीला बासरी वाजते.

आपा बघत होत्या. मग म्हणाल्या, “हिला खोकला आला तर हिचं डोकं कसं न्हाई हाललं?”

“नटी हाय आपा.”

“मग खोकायला शिकवा ना तिला. मह्याकडे पाठवा.” आणि त्यांना इतकं हसू आलं की हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची उबळ झाली, डबी शोधेपर्यंत पदर भरला. मी तो पदर ओल्या फडक्यानं पुसला. पुसताना मी तोंड फिरवलं, हे खरं सांगते. त्याच वेळी पडद्यावर सासू हात जोडून, एकही केस न हलता, वारली. सून तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, तुमचा त्याग मी विसरणार नाही.

“कोणता त्याग?” आपांनी विचारलं. “आजारीच तर पडली होती.”

पाच वर्षं मी त्या मालिकेसमोर लिहीत आले होते: ‘सासू-सुनेच्या नात्याचं विलक्षण दर्शन.’ नायिका वकील आहे. तिच्या हातात सगळे कायदे आहेत. सासूला दवाखान्यात न्यायला तिला सुचत नाही, आणि मला पाच वर्षांत ते दिसलं नाही.

नेलपॉलिश

घरी आले. आमचं घर दोन खोल्यांचं, विहारामागच्या गल्लीत. पप्पा शाळेत शिपाई आहेत. बाकीचा वेळ ते पत्रकांचे. मसुदा लिहिणं, छापून आणणं, घडी घालणं. मी चालायला लागायच्या आधी कागदाची घडी घालायला शिकले, असं ते लोकांना सांगतात.

पहिल्या जेवणाला आईनं मला ताट वाढलं. कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. पेल्यावर ठिपका. वाटीवर ठिपका.

तो ठिपका आमच्या घरात काय आहे, हे आधी सांगते. पप्पांचं गाव हदगावकडचं. गावातल्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप वेगळा असायचा, बाहेर खिळ्याला टांगलेला. स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, परत टांगायचा. पप्पांनी दहा वर्षांचे असताना तो कप खिळ्यावरून काढला आणि हॉटेलवाल्यासमोर दगडावर फोडला. त्याबद्दल मार खाल्ला. मोठेपणी त्यांनी लिहिलेलं पहिलं पत्रक त्या कपावर होतं. दर जयंतीला ते ही गोष्ट सांगतात. इतर मुलांना चिऊ-काऊ ऐकवतात, मला कप ऐकवला.

“आई, हे काय हाय?”

“नेलपॉलिश.”

“ते दिसून राहिलंय. कशाला?”

“वळखायला.”

“डॉक्टरनं सांगितलंय, ताटानं न्हाई होत.”

“त्यांना काय. त्या काय आपल्या घरी जेवायला येणार हायत?”

“पप्पा, तुम्ही तरी सांगा.”

पप्पा ताटाकडे बघत नव्हते. भाकरीचा तुकडा मोडत होते. तो खूप वेळ मोडत राहिले.

“आई, तुला कोणी सांगितलं हे?”

तिनं हात धुतला, आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, मध्ये एस.टी.चं तिकीट खूण म्हणून. चौथं नाव.

आई विहारातल्या दुपारच्या वर्गात अक्षरं शिकली. तिनं आयुष्यात अख्खी वाचलेली पहिली कादंबरी ही. मीच दिली होती. ओळीखाली बोट ठेवून, पुटपुटत, चार महिने लागले तिला. तिनं आताही बोट ठेवलं आणि वाचलं की काकूला खोकला लागला, काकूनं आपलं ताट गोठ्यात नेलं, आणि घरातली सगळी लेकरं वाचली.

“लेकरं वाचली,” ती पुन्हा म्हणाली. “छापलंय की. तूच म्हणलीस, बाईनं आधी वाचावी.”

आमच्या घरात छापलेला कागद खोटा नसतो. खोटं बोलतात ती माणसं, पुढारी, टी.व्ही. कागद आपण छापतो. या एका समजुतीवर आमचं घर उभं आहे, आणि तिला मी एका वाईट पुस्तकाचा टेकू दिला होता.

जेवले. ठिपका भाताखाली गेला, खाता खाता परत वर आला. मला शिसारी आली. आईची आली, पप्पांच्या गप्प बसण्याची जास्त आली, आणि सगळ्यात जास्त त्या दोन ओळी लिहिणारीची.

पाचवं वाचन

मग मी ती कादंबरी पुन्हा वाचली, हातात पेन्सिल घेऊन.

न वाचलेल्यांसाठी सांगते. गावातला एक तरुण अन्यायाविरुद्ध उभा राहतो. घरी विधवा काकू, तिनंच त्याला वाढवलेलं. तिला खोकला लागतो, ती गोठ्यात राहायला जाते. नायक लढा जिंकून गुलालासकट घरी येतो तेव्हा ती गेलेली असते. तिचं धुतलेलं ताट गोठ्याच्या भिंतीशी पालथं ठेवलेलं असतं. ते ताट छातीशी धरून तो शपथ घेतो. शेवट. त्या पालथ्या ताटावर मी चार वेळा रडले, आणि बाकी लोकही रडतात, मी पाहिलं आहे.

या वेळी मी मोजलं. काकू खोकायला लागल्यापासून मरेपर्यंत पंच्याऐंशी पानं आहेत. तेवढ्यात नायक अकरा वेळा तालुक्याला जातो. निवेदन द्यायला, सभा घ्यायला, सुटलेल्या साथीदारांना आणायला. एक सभा तर तो सरकारी दवाखान्यासमोर घेतो. दवाखान्याची पाटी लेखकानं वर्णन केली आहे, रंगासकट. काकूला सोबत न्यावं असं अकरापैकी एकाही वेळी कुणाच्या मनात येत नाही. नायकाच्या नाही, लेखकाच्या नाही. माझ्याही नाही, आणि मी शिकलेली, पत्रकं वाटणारी.

नायक गावाच्या वेगळ्या पाणवठ्याविरुद्ध लढतो. त्याच्याच गोठ्यात एक वेगळं ताट आहे. त्याला लेखक ‘माया’ म्हणतो. काकूला मारायची गरज लेखकाला होती, कारण नायकाला शपथ घ्यायला काहीतरी हातात हवं होतं. माणसाचा असा भांड्यासारखा वापर मी कुठल्याही पुढाऱ्याला करू दिला नसता. लेखकाला पाच वर्षं गुलाबी कागदावर डोक्यावर घेतलं.

नळाचा आवाज

ज्योतीताई आमच्या गल्लीच्या आशा कार्यकर्त्या. गोळ्या घेतल्या का बघायला यायच्या. आल्या की आधी खिडक्या उघडायच्या, मग चहा मागायच्या, आणि मला दिलेल्या ठिपक्याच्या पेल्याकडे बघून आईला म्हणायच्या, “मावशी, लेकीला नजर लागू नये म्हणून लावलं का?” आई हसायची. ठिपका राहायचा.

आईची तपासणी झाली, काही निघालं नाही. पप्पा टाळत होते.

“दादा, उद्या या,” ज्योतीताई त्यांना म्हणाल्या.

“उद्या शाळेत तपासणी हाय.”

“परवा?”

“परवा बैठक हाय.”

“खोकला हाय का?”

“न्हाई. बिडीचा हाय थोडा.”

पप्पांनी बिडी सोडून बारा वर्षं झाली होती.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी, मी खाटेवर पडलेली. पप्पा शाळेतून लवकर आले आणि न्हाणीत गेले. नळ सुटला. बादली भरल्याचा, उपसल्याचा आवाज नाही. नुसता नळ, पूर्ण सोडलेला. त्या पाण्याखाली दुसरा आवाज होता. तो मला लातूरपासून पाठ होता.

मी उठून बसले. किती दिवसांपासून? हा माणूस दिवसभर शाळेत, पोरांच्या गराड्यात. आणि हे आम्हाला पत्रकातून आरोग्य शिकवतात. मी इतकी संतापले की ते बाहेर आल्यावर काय बोलायचं याची वाक्यं जुळवत बसले. नळ बंद झाला. पप्पा स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज आला. मी पाठोपाठ गेले.

ते ओट्याच्या मागे, दाराकडे पाठ करून, उकिडवे बसले होते. भाकरी, वांग्याची भाजी. ताट माझं होतं. कडेला लाल ठिपका.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

“पप्पा, ते माझं ताट हाय.”

“माहीत हाय.”

“मग?”

“धुऊन ठिवतो मी. तुह्या आईला माहीत न्हाई.”

“कधीपासून?”

“तू यायच्या आधी खोकला होता. तू आल्यावर मी समजून गेलो.” ते भाजीत बोट फिरवत होते. “तुह्या आईला काही होऊ नये म्हणून ह्यात खातो.”

“ताटानं न्हाई होत पप्पा. दवाखान्यात चला. गोळ्या हायत.”

“गेलो तर ती आजून एक ठिपका मारंल.”

“मारू द्या, आपण पुसू.”

“सुजाता,” ते म्हणाले. रागावले की ते माझं पूर्ण नाव घेतात, पण आता आवाजात राग नव्हता. “मह्या नावाचं वेगळं भांडं मी एकदा बघितलंय. पुन्हा बघायचं न्हाई मला.”

“कप फोडला होता तुम्ही.”

“तो कप दुसऱ्यानं टांगला होता. हे घरच्यानं ठिवलंय. हे कसं फोडू?”

मागे धप्पकन आवाज झाला. आई दारात उभी होती. हातातली पिशवी तिनं खाली सोडली होती. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण पुरेसं ऐकलं होतं. तिनं पप्पांच्या पुढ्यातलं ताट उचललं, भाकरीसकट, आणि ओट्यावर नेलं. अंगठ्याच्या नखानं ठिपका खरवडायला लागली. निघेना. राख घेतली, घासणी घेतली. कड घासली गेली, पण लाल डाग धरून राहिला.

“चांगल्या कंपनीचं हाय,” पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

आई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात नेलपॉलिशची बाटली होती. मांडणीवरची ताटं तिनं खाली उतरवली, एकेक करून, सगळी. पाहुण्यांची सहा, तिचं स्वतःचं, पप्पांचं, तिच्या लग्नात मिळालेलं नाव घातलेलं मोठं ताटसुद्धा. भिंतीला टेकून बसली आणि प्रत्येकाच्या कडेला ठिपका मारत गेली. मग पेले, मग वाट्या. बाटली तळाला लागली तेव्हा काडी आत फिरवून फिरवून मारला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता वळखा कुणाचं कोणतं हाय ते. आन् तुम्ही, आव, उद्या मुकाट्यानं दवाखान्यात चला. बैठक आसंल तर मी जाते तुमच्याऐवजी.”

पप्पांनी मान हलवली. आईनं नव्या ठिपक्याच्या ताटात त्यांना भाकरी वाढली, आणि त्याच ताटातला एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. ठिपका ओला होता. तिच्या बोटाला लाल लागलं.

दुसऱ्या दिवशी पप्पांनाही ती डबी मिळाली. तेही तिथल्या एका झाडाखाली बसून मनापासून खोकले. निकाल माझ्यासारखाच आला. शाळेतून रजा घेतली, आणि शाळेला कारण काय सांगायचं हे आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, “टी.बी. सांग. कावीळ मला होत न्हाई.” शाळेतल्या मुलांची तपासणी ज्योतीताईंनी पाठपुरावा करून घडवून आणली. सुदैवानं तिथं काही निघालं नाही. सुदैवानं हा शब्द मी जपून वापरते. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं.

माझे सहा महिने झाले. शेवटची डबी स्वच्छ निघाली. पप्पांचा चौथा महिना चालू आहे. दोन महिन्यांची तपासणी चांगली आली. सकाळी आठला आई त्यांच्या पुढ्यात गोळ्या आणि पाणी ठेवते, आणि ते गिळेपर्यंत समोर उभी राहते. रजिया आपांचा मधे फोन आला होता. गोळ्या चालू आहेत. सुनेला त्यांनी खोकल्याचे प्रकार शिकवलेत म्हणे, खरा कोणता आणि नाटकाचा कोणता.

ज्यात काही घडत नाही

मग आता कशाची शिफारस करू? आमच्या स्टॉलच्या न विकलेल्या गठ्ठ्यात एक पातळ कादंबरी आहे, ‘जागा आहे, पुढे सरका’. एस.टी.तल्या बाई कंडक्टरची गोष्ट. लेखिकेनं दुसरं काही लिहिलेलं मला ठाऊक नाही. ती मी कॉलेजात असताना वाचली होती आणि यादीत घ्यायला नकार दिला होता. वहीत कारणही लिहून ठेवलं आहे: ‘फारसं काही घडत नाही.’

गेल्या महिन्यात परत वाचली. तिसऱ्या प्रकरणात त्या बाईला टी.बी. होतो. मी हे साफ विसरले होते. ती गोळ्या तिकिटांच्या पेटीत ठेवते. मळमळते, ड्रायव्हरशी भांडते, एका सोमवारी लघवीचा रंग बघून डेपोत सगळ्यांसमोर किंचाळते, आणि मग शेजारची बाई तिला सांगते की तसंच असतं. पाचव्या प्रकरणात गोळ्या संपतात. उरलेली कादंबरी ड्युटी लावण्यातल्या पक्षपातावर आहे. आजाराचा पुन्हा उल्लेख नाही. ती मरत नाही म्हणून कुणी शपथ घेत नाही, आणि म्हणून मला ती कंटाळवाणी वाटली होती.

आणि एक मालिका, तालुक्याच्या टपाल कचेरीवरची, तेरा भागांची, जुनी. तिच्या नवव्या भागात पोस्टमन आजारी पडतो, काय झालं ते कुणी सांगत नाही. बाकीचे त्याच्या घरी जातात, त्याच्याच घरचा, त्याच्याच कपातून चहा पितात आणि चहा पातळ आहे म्हणून त्याची थट्टा करतात. भाग संपतो. आपांना मी तो पाठवला. त्यांचा निरोप आला: “ह्याला खोकता येतं.”

नवं पत्रक छापायला गेलं आहे. या वेळी पप्पांनी मसुदा तपासला आणि वर एक ओळ वाढवली: ‘मागील यादीत चूक झाली आहे.’ आमच्या घरानं काढलेल्या कुठल्याही पत्रकात हे वाक्य पहिल्यांदाच आलं आहे.

पण जुनी गुलाबी पत्रकं तुमच्या घरांत आहेत. ती कादंबरीही आहे, माझ्या सांगण्यावरून घेतलेली. जाळू नका, रद्दीत टाकू नका, रद्दीतून ती दुसऱ्या घरी जाईल. पत्रकावरचं चौथं नाव खोडा. मग पुस्तक काढा, काकू आपलं ताट गोठ्यात नेते ते पान उघडा, आणि समासात पेन्सिलनं लिहा: ‘ताटानं हा आजार होत नाही. गोळ्यांनी बरा होतो. हिला तालुक्याला न्या.’ खाली आपलं नाव घाला, आणि पुस्तक शेजारच्या घरात द्या, जिथं कुणीतरी नळ सोडून खोकत असेल.